केंद्रातल्या शिक्षकांना संगणकशास्त्र शिकवायला घेतलं तेव्हा

महिन्यातून एखादा तरी फोन येतो. "मॅडम, तुमच्या केंद्रात संगणकाशिवाय संगणक शिकवायचं चाललंय म्हणे, आमच्याकडे कसं सुरू करायचं?" केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट, त्यावर एक केंद्रप्रमुख असतात. फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. बी.एस्सी. गणितात केलंय. संगणकाचं म्हणाल तर एमएस-सीआयटी, तेही सगळ्यांनी केलं तसंच, वेतनवाढ अडकू नये म्हणून. संगणकशास्त्राची पदवी नसताना हे जमेल का, या प्रश्नाचं उत्तर इथेच देऊन टाकते: जमतं, वेळ लागतो.

सुरुवात २०२३च्या उन्हाळ्यात झाली. तालुक्याच्या गावातल्या एका इंग्रजी शाळेची गाडी आमच्या गावात यायला लागली होती आणि तिच्या जाहिरातीत 'कोडिंग' हा शब्द ठळक होता. पटनोंदणीला घरोघरी फिरताना एका आईने विचारलं, "बाई, तिकडं कोडिंग शिकवत्यात, तुमच्यात काय?" राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं लिहिलंय, हे मला माहीत होतं. ते कुणी आणायचं आणि कशावर, हा प्रश्न होता. आमच्या शाळेत संगणक पाच, त्यातले चालू दोन, आणि वीज असली तर.

शोधताना सीएसपाठशाला सापडलं. एसीएम इंडिया या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेने २०१६मध्ये सुरू केलेला हा उपक्रम. पहिलीपासून आठवीपर्यंतचे संगणकीय विचारांचे, म्हणजे प्रश्न पायरीपायरीने सोडवायला शिकवणारे पाठ, बहुतेक संगणकाशिवाय घेता येण्यासारखे, मराठीतही आणि फुकट. त्याच्या जोडीला न्यूझीलंडमधल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे 'सीएस अनप्लग्ड'चे खेळ. मे महिनाभर दुपारच्या उन्हात पंख्याखाली बसून मी हे खेळ भाचरांवर करून पाहिले. १६, ८, ४, २, १ ठिपक्यांची पाच कार्डं उलटसुलट ठेवून १ ते ३१पर्यंतची कुठलीही तारीख दाखवता येते, हे नऊ वर्षांच्या भाचीला माझ्याआधी कळलं.

जूनमध्ये रीतसर अर्ज केला. केंद्रातल्या शिक्षकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेण्याची परवानगी मिळावी, योग्य मार्गाने सादर. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, मग वरचं कार्यालय. पुढचे कितीतरी दिवस तो अर्ज कुठल्या टेबलावर होता, हे कुणालाच सांगता येईना. तुम्हाला पहिली टीप: अर्ज दिला की आवक क्रमांक घ्या, पोच असलेली प्रत जपून ठेवा आणि विचारायला जाताना तोच क्रमांक सांगा. "मागच्या महिन्यात दिला होता" एवढ्यावर कुणी फाइल उघडत नाही.

जुलैच्या शेवटी आमच्या केंद्रप्रमुख साहेबांनीच वाट दाखवली. म्हणाले, "बाई, प्रशिक्षण म्हणू नका. प्रशिक्षण म्हटलं की निधी आला, निधी आला की मंजुरी आली. दर महिन्याला आपली शिक्षण परिषद होतेच. त्यात तासभर विषय घ्या, इतिवृत्तात नोंद होईल, कुणाला विचारायला नको." हे वाक्य मला त्या सगळ्या कागदांपेक्षा जास्त उपयोगी पडलं. केंद्राच्या शिक्षण परिषदेला सगळे शिक्षक येतातच, वेगळा प्रवासभत्ता नको, वेगळा आदेश नको. तुमच्या केंद्रप्रमुखांना आधी भेटा, अर्ज नंतर लिहा.

ऑगस्टच्या परिषदेत जेवणानंतरची वेळ मिळाली. म्हणजे सगळ्यांना पेंग आलेली. विषयाचं नाव ऐकताच मागून आवाज आला, "आता आणखी एक ऑनलाइन माहितीची लिंक भरायची का?" दुसरे सर म्हणाले, "आमची द्विशिक्षकी शाळा, संगणक सोडा, ट्यूबलाइट बंद आहे." शिक्षक हे चिडून बोलत नाहीत, थकून बोलतात. म्हणून व्याख्यान न देता मी सरळ पत्ते मांडले.

पत्ते म्हणजे जुन्या लग्नपत्रिका कापून केलेले चौकोन. लग्नसराईनंतर त्या घरोघरी पडलेल्या असतात, एका बाजूला छापील आणि दुसऱ्या बाजूला कोऱ्या. या खेळाला नेमकं तेवढंच लागतं. एका सरांना पाच ओळी आणि पाच स्तंभ वाटेल तसे मांडायला सांगितलं. मग "जरा अवघड करू" म्हणत मी आणखी एक ओळ आणि एक स्तंभ लावला, पाठ करून उभी राहिले आणि सांगितलं, कुठलाही एकच पत्ता उलटा. वळले आणि तो पत्ता दाखवला. "मागून कुणीतरी खुणावलं." पुन्हा केलं. तिसऱ्यांदा पेंगणारे पुढे येऊन बसले होते.

गुपित सोपं आहे. मी लावलेली ओळ आणि स्तंभ असे निवडायचे, की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात छापील पत्त्यांची संख्या सम होईल. एक पत्ता उलटला की एक ओळ आणि एक स्तंभ विषम होतात, जिथे ते छेदतात तिथे चूक. संगणक माहिती पाठवताना असेच जादा अंक जोडतात. हे सांगून मी विचारलं, "विद्यार्थ्याचा आधार क्रमांक पोर्टलवर भरताना एखादा आकडा चुकला, तर सर्व्हरला न विचारताच 'क्रमांक अवैध' कसं येतं?" सभागृहात एकदम गलका झाला, कारण त्या लाल अक्षरांशी झुंजला नाही असा शिक्षक महाराष्ट्रात नसेल. आधारच्या बारा आकड्यांमधला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. व्हरहूफ नावाची रीत आहे. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर ती हमखास पकडते. नावातल्या काना-मात्रेमुळे अडणारं आधार वेगळं, त्याला ही रीत काही करू शकत नाही, हेही सांगावं लागलं. तासाभराचा विषय दीड तास चालला. साहेबांनी घड्याळ दाखवलं नाही.

आणि मग काहीच झालं नाही.

व्हॉट्सअ‍ॅप गट केला होता. त्यावर पाठांच्या फाइल टाकल्या. अंगठे आले, "खूप छान मॅडम" आलं. पण पायाभूत चाचणी, गणपतीच्या सुट्ट्या, पोषण आहाराच्या नोंदी यांतून सप्टेंबरअखेर कुणीही वर्गात एक पाठ घेतला नव्हता. मी दोन-तीन जणींना एकेकटं गाठून विचारलं. सगळ्यांचं उत्तर फिरून एकाच ठिकाणी यायचं: "पोरानं काही विचारलं आणि मला नाही आलं तर?" गणितात पाठ्यपुस्तक असतं, मागे उत्तरं असतात. इथे पाठीशी काहीच नाही. ही भीती परिषदेत हात वर करून कुणी बोलत नाही.

तेव्हा ठरवलं की पाठ घेणाऱ्याच्या वर्गात जाऊन मागे बसायचं. शनिवारी सकाळची शाळा असते. आमच्या मुख्याध्यापकांनी माझा वर्ग सांभाळायचं कबूल केलं, हालचाल रजिस्टरला नोंद करायची आणि निघायचं. तोंडी परवानगीवर जाऊ नका. वाटेत गाडी घसरली, तर तुम्ही कुठे होता हे कागदावर असलेलं बरं. केंद्रप्रमुखांचं साधं पत्र पुरतं.

पहिला पाठ घ्यायला जे तयार झाले, ते निवृत्तीला आलेले एक गुरुजी. डोंगराकडेची वस्ती, दोन शिक्षक, मुलं पंचवीसच्या आत. त्यांनी क्रमवारीचं जाळं घ्यायचं ठरवलं. मी पोचले तर गुरुजींनी कबड्डीचं मैदान आखायची फक्की घेऊन अंगणात रेघा मारून ठेवलेल्या. सहा मुलं एका टोकाला उभी राहतात, हातात एकेक संख्या. रेघेवरून चालत गोलापाशी दोघं भेटले की संख्या बघायच्या, लहान संख्या डावीकडच्या रेघेने पुढे, मोठी उजवीकडच्या. सहा जणांसाठी बारा गोल. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत सगळे लहानापासून मोठ्याकडे क्रमाने लागलेले असतात, आणि कुणी कुणाला "तू इकडं हो" म्हटलेलं नसतं.

पहिल्या खेपेला दोन पोरं भेटायचं सोडून पुढे पळाली आणि ४७ आधी, ३१ नंतर आलं. गुरुजींनी दटावलं नाही. "कुठल्या गोलावर बिघडलं ते शोधा," म्हणाले. मुलं मागे चालत गेली आणि गोल सापडला. दुसऱ्या खेपेला क्रम लागला. तिसऱ्यांदा संख्यांऐवजी मुलांची नावं घेतली, हजेरीतल्या क्रमाने. मग पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "गुरुजी, ह्या टोकाकडनं उलटं चालत आलं तर?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मला ठाऊक होतं, पण मी खाली मान घालून बसले. क्षणभर थांबून ते म्हणाले, "मला ठाऊक नाही. चालून बघा की." पोरं चालली. एकदा योगायोगाने क्रम लागला, लगेच "लागतंय, लागतंय" झालं. संख्या बदलल्या आणि लागेना. असं एक उदाहरण सापडलं की संपलं, उलटं जाळं प्रत्येक वेळी चालतंच असं नाही. सुट्टीत चहा घेताना गुरुजींनी टाचणवहीत लिहिलं: 'उलट दिशेने क्रम लागत नाही. कारण शोधणे.' पुढच्या परिषदेत हा प्रसंग त्यांनी स्वतः सांगितला. "मला ठाऊक नाही" हे वाक्य ज्येष्ठ शिक्षकाच्या तोंडून सगळ्यांसमोर आलं, त्यानंतर पाठ घ्यायला तयार असलेल्यांची नावं माझ्याकडे यायला लागली.

मागे बसण्याचे काही नियम मी स्वतःपुरते केले. हातात वही-पेन घ्यायचं नाही. मागच्या बाकावर वहीवाला माणूस दिसला की ती तपासणी होते आणि शिक्षक मुलांऐवजी तुमच्याशी बोलायला लागतात. मध्ये तोंड घालायचं नाही. पाठ झाल्यावर आधी त्यांना बोलू द्यायचं. आणि फोटो काढायचा नाही, मागायचा तर नाहीच. गटावर फोटो पडला म्हणजे उपक्रम झाला, ही सवय आपल्याकडे इतकी मुरलीय की एका मॅडमनी तीनदा विचारलं, "खरंच नको ना फोटो?"

नोव्हेंबर २०२३मध्ये दिवाळीच्या सुमारास कुणबी नोंदी शोधण्याचं काम आलं आणि शाळाशाळांतून जुनी जनरल रजिस्टरं, म्हणजे मुलांच्या दाखल नोंदींची पुस्तकं, बाहेर निघाली. मोडी आणि देवनागरी, वाळवीने खाल्लेली पानं. ओळ न ओळ वाचायची. त्या महिन्यातल्या परिषदेत मी 'शोध' हाच विषय घेतला. १ ते १००मधली मनात धरलेली संख्या 'मोठी की लहान' असं विचारत जास्तीत जास्त सात प्रश्नांत सापडते, हा खेळ सगळ्यांना येतो. मग विचारलं, जनरल रजिस्टरमध्ये असं का करता येत नाही? एका सरांनी लगेच सांगितलं, "ते दाखल क्रमांकाने लावलेलं असतं. नावाने शोधायचं तर पहिल्या पानापासून बसा." क्रमांक माहीत असेल तर पाच मिनिटांत दाखला, नुसतं आजोबांचं नाव माहीत असेल तर अख्खा दिवस. माहिती कशाने लावली आहे त्यावर शोधाचा वेळ ठरतो, हे त्यांनी मला शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. त्याच सुमारास काही शाळांनी मुलांना बेब्रास इंडियाच्या स्पर्धेत बसवलं. ही कोड्यांची स्पर्धा मूळची लिथुआनियातली, भारतात सीएसपाठशाला घेते, मराठीतही देता येते, शुल्क नाही. नोंदणी शाळेने करायची असते. रेंजची जागा आदल्या दिवशी पाहून ठेवा.

जानेवारीपासून सगळं ठप्प. 'माझी शाळा, सुंदर शाळा'ची रंगरंगोटी, मग २३ जानेवारीपासून मराठा सर्वेक्षणाला निम्मे शिक्षक दारोदार, मग परीक्षा, मग लोकसभेची निवडणूक ड्यूटी. गटावर मी काही टाकलं नाही. दमलेल्या माणसाला फाइल पाठवून काय होणार? एवढ्यात मार्चमध्ये आनंददायी शनिवारचा, म्हणजे शनिवारी खेळ-उपक्रम घेण्याचा, शासन निर्णय आला, पहिली ते आठवीसाठी. तो मी जपून ठेवला. जूनपासून या खेळांना वेळापत्रकात हक्काची जागा मिळाली आणि "हे कुठल्या तासिकेत घ्यायचं?" हा प्रश्न मिटला.

२०२४च्या जूननंतर खऱ्या संगणकावर आलो. आमच्या शाळेचे दोन आणि केंद्रशाळेचे चार. वीजबिल थकल्यामुळे केंद्रशाळेची लाइन मध्ये तुटली होती. ती ग्रामपंचायतीने जोडून दिली, त्यात महिना गेला. यंत्रांवर विंडोज ७. कोडिंगसाठी घेतलं स्क्रॅच, तयार ठोकळे (ब्लॉक) जोडून पडद्यावरच्या मांजराला चालवायचं सॉफ्टवेअर. स्क्रॅच ३ उतरवून घ्यायचं तर विंडोज १० लागतं, तेव्हा जुन्या यंत्रांवर स्क्रॅच १.४ टाका. थोडं जुनाट दिसतं, पण शिकण्यासाठी काही अडत नाही आणि इंटरनेट लागत नाही. पेनड्राइव्हवर घेऊन फिरा. ब्लॉकवरचे शब्द मी इंग्रजीच ठेवले. मुलांना 'रिपीट' आठवड्यात येतं, शिक्षकांनाही.

शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, यायची इच्छा असलेले आठ-नऊ शिक्षक जमायचे. वडापाव आळीपाळीने. सक्ती नव्हती म्हणून आले, असं मला वाटतं. इथला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. मांजराकडून चौरस काढून घ्यायचा: १०० पावलं चाल, ९० अंश वळ, चार वेळा. सगळ्यांना जमलं. मग समभुज त्रिकोण. वीस वर्षं भूमिती शिकवणाऱ्या सरांनी तीन वेळा, ६० अंश लिहिलं आणि बटण दाबलं. निम्मा षटकोन निघाला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. ते उठले, फरशीवर उभे राहिले, सरळ चालले, वळले आणि वळता वळता स्वतःशीच म्हणाले, "अरे, मी वळतोय तो बाह्यकोन." १२० घातलं. त्रिकोण बसला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सातवीच्या वर्गात बाह्यकोन शिकवताना मुलांना तसंच चालवलं, संगणक चालू न करता.

वर्गात दोन गोष्टींनी फरक पडला. पहिली, हिरवा झेंडा, म्हणजे स्क्रॅचमधलं 'सुरू'चं बटण, दाबण्याआधी मांजर कुठे जाईल ते वहीत लिहायचं. इंग्लंडमध्ये स्यू सेंटन्स यांनी ज्या क्रमाची मांडणी केली आहे, आधी अंदाज, मग चालवणं, तपासणं, बदलणं आणि शेवटी स्वतःचं करणं, त्यातली ही पहिली पायरी. ती सोडली की मुलं नुसती बटणं दाबत बसतात. दुसरी, एका यंत्रावर दोघं, एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याने फक्त बोलायचं, आणि पाच मिनिटांनी अदलाबदल. ही अदलाबदल शिट्टी वाजवूनच करावी लागते. नाहीतर मुलगा-मुलगी जोडीत माऊस तासभर मुलाकडेच राहतो. आम्ही नंतर मुलींच्या जोड्या वेगळ्या केल्या. त्यावर आमच्यात अजून वाद आहे.

खर्चाचं विचारता म्हणून सांगते. पत्ते आणि फक्की म्हणजे जवळजवळ शून्य. ठिपक्यांच्या कार्डांचे संच छापून लॅमिनेट करून घेतले, एका संचाला दीडशेच्या आसपास पडले. जाळं व्हरांड्यात कायमचं हवं म्हणून ऑइलपेंटचा डबा आणला, तो संयुक्त शाळा अनुदानातून, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने. जुन्या यंत्रांना रॅम आणि दोन माऊस याला गावातल्या पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलांनी मदत केली. पावती शाळेच्या नावाने घेतली. पेट्रोल माझं. ते परत मिळेल ही आशा धरू नका.

आज केंद्रातल्या सगळ्या शाळांत हे चालतं असं नाही. निम्म्याहून थोड्या जास्त शाळांत महिन्यातून एक-दोन पाठ होतात. ऑनलाइन बदल्यांमध्ये दोन चांगले हात दुसऱ्या तालुक्यात गेले. त्यांतल्या एका मॅडमनी तिकडच्या परिषदेत पत्त्यांचा खेळ घेतल्याचं कळलं. एका शाळेत जाळ्यावर रंग मारून पुन्हा नुसता व्हरांडा केला गेला, कारण पाहुणे येणार होते. आठवी संपली की आमची मुलं हायस्कूलला जातात आणि तिथे यातलं पुढचं काही नाही. नववीच्या विज्ञानात माहिती संप्रेषण तंत्रज्ञानाचा एक धडा आहे, बस. तिथल्या शिक्षकांना परिषदेला बोलावता येत नाही, कारण ती यंत्रणाच वेगळी. त्यांच्यासाठी रविवारी काही करता येईल का, हे सध्या चाचपतेय.

तुम्ही सुरू करणार असाल तर जूनमध्ये करू नका. प्रवेश, पाठ्यपुस्तकं, गणवेश, यू-डायसची ऑनलाइन शाळा-माहिती यांत कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. ऑगस्टची परिषद धरा, पत्त्यांच्या खेळाने सुरू करा, आणि त्याच दिवशी एकाच शिक्षकाकडून पुढच्या शनिवारची तारीख पक्की करून घ्या. तारीख दिली की मात्र चुकवू नका, पाऊस असला तरी जा.